उधारीची वही आणि घराची अब्रू



ज्या शाळेत मी पाचवीपासून जुन्या अकरावीपर्यंत शिकलो, त्याच शाळेत, ज्या गुरुजींनी मला मराठीचे व्याकरण शिकवले त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. संस्थेची मंडळी घरी आली तेव्हा त्यांनी विषयही सुचवला होता : 'संतसाहित्यातील मूल्यविचार'. मी नम्रपणे नकार दिला. या विषयावर मी गेल्या चाळीस वर्षांत इतक्या वेळा बोललो आहे की आता माझे मलाच ते ऐकवत नाही. त्याऐवजी मी घरगुती कर्जावर बोलेन, असे म्हटल्यावर मंडळी क्षणभर गप्प झाली. मराठीच्या प्राध्यापकाला कर्जातले काय कळते, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. प्रश्न रास्त आहे. अर्थशास्त्र मला कळत नाही. परंतु मी एका कर्जदाराचा मुलगा आहे आणि पुढे मी स्वतः कर्जदार होतो. तेवढ्या अधिकारावर मी आज उभा आहे.

निमित्तही सांगितले पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत आपल्या बेळगाव जिल्ह्यातून आणि कर्नाटकाच्या इतर भागांतून रोज एकसारख्या बातम्या येत होत्या. हप्ता वसूल करणाऱ्यांच्या धाकाने घराला कुलूप लावून माणसे गाव सोडून जात होती. फेब्रुवारीत राज्य सरकारने वटहुकूम काढला. त्याविषयी पुढे बोलेन. त्या बातम्या वाचताना मला आकड्यांपेक्षा कुलपाचे नवल वाटले. शेजाऱ्याला न सांगता, नातलगाला न कळवता, रात्रीतून जाणे. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या काढल्या त्या गावात एका माणसाजवळही 'मी अडचणीत आहे' असे म्हणता आले नाही, हे मला पैशाच्या तुटीपेक्षा मोठे वाटले.

आधी मी माझ्या मुलखात, म्हणजे शब्दांत, थोडे फिरतो. मराठीत देण्याघेण्याला किती शब्द आहेत पाहा. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली ते 'उसने'. वाण्याकडून महिन्याचा बाजार आणला ती 'उधारी'. मालकाकडून कामाआधी पैसे घेतले ती 'उचल'. कागद करून घेतले ते 'कर्ज'. आणि या सर्वांच्या वर सिंहासनावर बसल्यासारखा शब्द आहे 'ऋण'. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे घेऊनच माणूस जन्माला येतो, अशी आपली जुनी समजूत. त्यामुळे आपल्या भाषेत देणे न फेडणे हे नुसते गैरव्यवहारात जमा होत नाही, पापात जमा होते. माझी तक्रार एवढीच की या शब्दाचे पावित्र्य सावकाराला आयते मिळाले. आईवडिलांचे उपकार आणि शेकडा पाचाने घेतलेले पैसे एकाच शब्दाच्या छायेत बसले, आणि दोहोंपुढे आपण सारखीच मान खाली घातली.

आपण सीमेवरची माणसे. आपल्या कानांवर दोन भाषा पडतात. कानडीत हातउसन्याला 'कैगड' म्हणतात. 'कै' म्हणजे हात. दोन्ही भाषांनी एकाच व्यवहाराला हाताचेच नाव दिले, कारण त्यात कागद नसतो, या हातातून त्या हातात जाते. दुसरा शब्द अधिक गमतीचा आहे. मराठीत 'साल' म्हणजे वर्ष आणि कानडीत 'साल' म्हणजे कर्ज. लहानपणी आमच्या बांधाशेजारचे कानडी शेतकरी वडिलांना म्हणत, "यंदा साल फार झालं," आणि मला वाटे, वर्ष फार कसे होईल? पुढे कळले की तंबाखूच्या शेतकऱ्याच्या बाबतीत या दोन शब्दांत फारसा फरक नाही.

तंबाखूचे गणित आज समोर बसलेल्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल, कारण आता आसपास ऊस आणि सोयाबीन पुष्कळ झाले. आमच्या लहानपणी निपाणीच्या हवेत तंबाखूचा खाट असे. पावसाळ्याच्या तोंडाला तरवा टाकायचा, श्रावणाच्या सुमारास रोप लावायचे, पुढे शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, आणि पौष-माघात कापणी करून माल शेतातच उन्हात वाळवायचा. म्हणजे पेरणीपासून सात-आठ महिने घरात एक पैसा येत नाही. माल विकला तरी रोख हातात पडत नसे. व्यापारी पाहणार, हुंगणार, प्रत ठरवणार, वजनात काट धरणार, आणि पैसे हप्त्याहप्त्याने देणार. शेवटचा हप्ता येईपर्यंत पुढच्या पिकाचा तरवा टाकायची वेळ झालेली असे. मग त्याच व्यापाऱ्याकडून उचल. उचल घेतली की माल त्यालाच घालायचा, भाव तो देईल तो. आमची अडीच एकर जमीन होती, त्यातली एक एकर वाट्याने केलेली. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी दारूला स्पर्श केला नाही, जुगार खेळला नाही, मुलीच्या लग्नात बँड लावला नाही. आणि तरीही मला कळू लागल्यापासून ते वारले तोपर्यंत एकही वर्ष असे गेले नाही की आमच्या डोक्यावर देणे नव्हते.

याच गणिताने १९८१ साली निपाणीला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते रस्त्यावर होते. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडून काढले. गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले. त्या सुमारास निपाणीच्या वखारींतल्या बायकाही संघटित झाल्या होत्या. त्यांच्यावर १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' नावाचा माहितीपट निघाला. माझी आई त्यांच्या आधीच्या पिढीतली. हंगामात ती वखारीत तंबाखू झोडपायला आणि चाळायला जाई. संध्याकाळी ती घरात शिरली की आम्ही भावंडे शिंकू लागत असू.

या आईला लिहितावाचता येत नव्हते. तरी घरातले सर्वांत चोख हिशेब तिचे. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असत. उभी रेघ म्हणजे वाण्याचा एक रुपया, आडवी म्हणजे पाच. शेजारच्या काकूंच्या पिठाला फुली. वखारीच्या मुकादमाकडून घेतलेल्या पैशाला गोल. फेडले की पोतेऱ्याने पुसायचे. दर दिवाळीला घर सारवले जाई, भिंतींना चुना लागे, पण तेवढी वीतभर जागा सोडून. पाहुणे स्वयंपाकघरात येत आणि ती भिंत पाहत. आईला त्याची लाज वाटली नाही. वडिलांना वाटे. त्यांचे हिशेब डोक्यात असत आणि त्यांच्याबरोबरच गेले. तेराव्यानंतर तीन माणसे दारात आली. त्यांतल्या दोघांचे खरे होते, तिसऱ्याचे खरे होते की नाही हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही. आम्ही तिघांचेही दिले.

'ऋण काढून सण साजरा करणे' ही म्हण आपण सर्वांनी निबंधात वापरली आहे. मी परीक्षक म्हणून तिला गुणही दिले आहेत. तिच्यात गृहीत असे आहे की माणूस कर्जात पडतो तो हौसेपायी. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेली हीच ती घटना. त्यानंतर सरकारने आयोग नेमला. साहेबांनाही प्रथम हेच वाटत होते की हे लोक लग्नसमारंभात पैसे उधळतात. परंतु चौकशी केल्यावर आयोगाने लिहून ठेवले की लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा फाजील महत्त्व दिले गेले आहे. लग्न क्वचित येते. खाण्यापिण्याच्या जिनसा, बियाणे, बैल, सरकारी सारा अशा वारंवार येणाऱ्या लहान रकमांनी कर्ज फुगते. दीडशे वर्षांपूर्वी परक्या राज्यकर्त्यांच्या आयोगाला जे दिसले ते आपल्या म्हणीला अजून दिसलेले नाही. आज बाजार, बियाणे आणि बैल यांच्या जागी दवाखाना, शाळेची फी, दुचाकीचा हप्ता आणि गॅसची टाकी लिहा. वाक्य तसेच्या तसे राहील.

उधळे कोणी नसतातच असे मी म्हणत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बारशालाही मंडप आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहू लागल्या, त्या मला दिसतात आणि झोपेतही ऐकू येतात. पण उधळ्यासाठी काढलेल्या म्हणीने आपण आजाऱ्यालाही मारतो आणि त्याला तोंड लपवायला लावतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

संतांविषयी बोलणार नाही असे मी म्हटले होते. तुकोबांपुरता अपवाद करतो. त्यांच्या घराण्यात महाजनकी होती, म्हणजे ते धनको होते. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, आणि त्यांनी लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण सर्व जाणतो. पण महिपतीने सांगितलेला एक तपशील कीर्तनात पुष्कळदा गळतो. बुडवण्यापूर्वी त्यांनी खतांची वाटणी केली. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. विरक्तीच्या त्या क्षणीही त्यांनी भावाच्या हिश्श्याचा परस्पर निर्णय केला नाही. घरातल्या पैशावर घरातल्या दुसऱ्या माणसाचा शब्द असतो, हे त्यांना ठाऊक होते. मला ते ठाऊक नव्हते. त्याची हकिकत थोड्या वेळाने सांगतो.

दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यायाधीशाने नुसते खत पाहून निकाल द्यायचा नाही. मूळ रक्कम किती होती, व्याज कसे चढत गेले, हे मागे जाऊन तपासायचे. आणि सावकाराने ऋणकोला पावती द्यायची, हिशेबाचा उतारा द्यायचा. म्हणजे कागद फक्त धनकोच्या पेटीत असता कामा नये, तो ऋणकोच्याही हातात हवा. 'दामदुप्पट' हा आपल्याकडचा त्याहूनही जुना नियम : साचलेले व्याज कितीही झाले तरी मुद्दलाच्या वर मागता येत नाही. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे मुंबईचा १९४६ चा सावकारी कायदा आपल्या वडीलधाऱ्यांनाही लागू होता. पण तो माझ्या वडिलांना कोणी सांगितला नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामबापूंनी केली होती. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीत जातो. ही कथा गावोगावच्या तंबूंत पोहोचली. कायदा मात्र पोहोचला नाही.

पावतीवरून गुरुजींची आठवण येते. १९६६ साली मला कॉलेजात प्रवेश घ्यायला पंच्याऐंशी रुपये कमी पडत होते. वडिलांनी उचलीसाठी व्यापाऱ्याकडे जायची तयारी केली. गुरुजींना कळले, त्यांनी मला घरी बोलावून पैसे दिले, एका लांबट वहीत नाव लिहिले आणि माझी सही घेतली. मला थोडे वाईट वाटले. शिष्याकडून सही कशाला? १९७३ च्या सुमारास मला नोकरी लागली तेव्हा मी पेढे आणि पंच्याऐंशी रुपये घेऊन त्यांच्याकडे गेलो. खरे सांगतो, मनातून मला वाटत होते की ते म्हणतील, "राहू दे रे, तू शिकलास यातच सगळं आलं." गुरुजींनी पैसे घेतले. दोनदा मोजले. आत जाऊन तीच वही आणली, पान शोधले, माझ्या नावावर रेघ मारली आणि म्हणाले, "इथं सही कर. नाहीतर उद्या तुलाच वाटेल, दिले होते की नाही." मग पेढा तोंडात टाकला. त्या पानावर माझ्या वर आणि खाली आणखी नावे होती. काहींवर रेघ होती, काहींवर नव्हती. ती नावे मला दिसू नयेत म्हणून त्यांनी पानावर हात ठेवला होता.

आता माझी हकिकत. १९८७ मध्ये मी एका नातलगाला जामीन राहिलो. एका पतसंस्थेचे चाळीस हजारांचे कर्ज होते. माझ्या तेव्हाच्या पगाराच्या हिशेबाने ती वर्षाहून अधिकची कमाई. अर्जावर सही करताना मी घरी विचारले नाही. 'जामीन राहणे म्हणजे काय, नुसती सही,' ही माझी समजूत. नातलगाचा धंदा बुडाला, तो मुंबईकडे निघून गेला, आणि संस्थेने रीतसर माझ्याकडे मागणी केली. संस्थेचे काही चुकले नव्हते. चुकले ते पुढे माझे. मी पत्नीला सांगितले नाही. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, पगार आणून माझ्या हातात देत होती. मी हप्ते भरण्यासाठी पगारदारांच्या सोसायटीतून कर्ज काढले. ते पुरेना म्हणून दोन सहकाऱ्यांकडून हातउसने घेतले. मग विम्याच्या पॉलिसीवर. आणि शेवटी एका खासगी सावकाराकडून पाच हजार, दरमहा शेकडा तीन दराने. वर्गात मी तुकोबांच्या खतांवर बोलत होतो आणि खिशात सावकाराची चिठ्ठी होती. चौदा महिने हे चालले. या चौदा महिन्यांत मी चिडका झालो, मुलांवर हात उगारला, पोस्टमनची वेळ झाली की फाटकात जाऊन उभा राहू लागलो. कर्जाने माणूस खचतो असे म्हणतात. मी कर्जाने खचलो नव्हतो, पोस्टमनच्या वेळा सांभाळून खचलो होतो.

एके दिवशी मी परीक्षेच्या कामाला धारवाडला गेलो असताना नोटीस तिच्या हातात पडली. परत आलो तेव्हा तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी रात्री मुले झोपल्यावर तिने शाळेच्या हजेरीपटासारखा एक मोठा कागद जमिनीवर अंथरला आणि म्हणाली, "अहो, सगळी नावं सांगा. एक जरी गाळलंत तर मी यात पडणार नाही." मी सहा सांगितली. ती म्हणाली, "आणखी." वाण्याची उधारी मी कर्जात धरलीच नव्हती. सात झाली. प्रत्येकापुढे तिने तीन रकाने पाडले : किती, व्याज काय, आणि न दिल्यास काय होईल. त्या रात्री मला प्रथमच एकूण आकडा कळला. तो माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी होता, हेही सांगितले पाहिजे.

तिने लावलेला क्रम मला आजही कोणत्याही ग्रंथापेक्षा शहाणा वाटतो. मी सर्वांत आधी सहकाऱ्यांचे फेडायला निघालो होतो, कारण त्यांच्यासमोर रोज बसावे लागे. म्हणजे मी लाजेच्या क्रमाने कर्ज फेडत होतो. तिने व्याजाच्या क्रमाने लावले. सावकार पहिला. त्यासाठी तिने दोन बांगड्या मोडल्या. मी म्हटले, मोडू नको, गहाण ठेवू. ती म्हणाली, "गहाण ठेवलेली बांगडी हातातही नसते आणि तिचं व्याज मात्र घरात असतं." वाण्याला महिन्याच्या महिन्याला ठरावीक रक्कम बांधून दिली आणि नवी उधारी थांबवली. दोघां सहकाऱ्यांना मी स्वतः जाऊन तारीख सांगितली. त्यांतला एक रागावला, एकाने चहा पाजला. विम्याचे कर्ज स्वस्त होते, ते शेवटी ठेवले. आणि पतसंस्थेत आम्ही दोघे मिळून गेलो. नोटिशीला उत्तर न देणारा माणूस समोर येऊन 'एवढे जमेल, एवढे जमणार नाही' असे सांगतो, याचेच तिथल्या मंडळींना आश्चर्य वाटले. त्यांनी मुदत वाढवून हप्ता लहान केला. पूर्ण फिटायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत आमच्या घरी दिवाळीला नवे कपडे फक्त मुलांना झाले. मोठ्या मुलीला, ती तेव्हा नववीत होती, आम्ही कारण सांगितले. तिने नंतर कधी सहलीचे पैसे मागितले नाहीत, याचे मला समाधानही वाटते आणि वाईटही वाटते.

आजच्या अडचणी निराळ्या आहेत. २०१९ साली वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा यांना महापूर आला. वर्ष पुरे होण्याआधी २०२० ची टाळेबंदी आली. वडगाव-खासबागचे विणकर, बिडीच्या बायका, रिक्षावाले, हॉटेलातले कामगार, सर्वांची कमाई एकदम थांबली. तेव्हा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने हप्ते न भरण्याची सवलत दिली. आपल्याकडे पुष्कळांनी ती माफी समजली. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते. पुढे शासनाने त्या काळातल्या व्याजावरच्या व्याजाचा भार उचलला, पण मूळ व्याज राहिलेच. सवलत आणि माफी या दोन शब्दांतला फरक समजावणे हे मराठीच्या शिक्षकाचे काम होते, आणि आम्ही ते केले नाही.

तसाच 'टक्का'. गावात 'तीन टक्के' म्हणजे महिन्याला तीन, बँकेत 'बारा टक्के' म्हणजे वर्षाला बारा. ऐकणाऱ्याला तीन लहान वाटते. ते वर्षाचे छत्तीस असते. आणखी एक प्रकार बाजारपेठेत चालतो. दहा हजारांचे कर्ज, हातात नऊ हजार, आणि रोज शंभर रुपये शंभर दिवस. लोक म्हणतात, हजारच तर जास्त, शेकडा दहा. मुलांनो, कागद घ्या. पैसे रोज परत जात असल्यामुळे शंभर दिवसांत सरासरीने तुमच्याजवळ फक्त साडेचार हजारांच्या आसपास राहतात. साडेचार हजारांवर शंभर दिवसांत एक हजार म्हणजे शेकडा बावीस. वर्षाचे झाले ऐंशी. माझ्या वडिलांच्या व्यापाऱ्यानेही एवढे घेतले नसते.

बायकांच्या गटाला मिळणाऱ्या कर्जाविषयी मी जपून बोलतो, कारण त्याने अनेकींची शिवणयंत्रे आणि म्हशी आल्या, हे मी पाहिले आहे. तारण नसलेल्या बाईला उंबऱ्यावर येऊन कोणी तरी कर्ज दिले, ही लहान गोष्ट नव्हे. दुखणे तिथे होते जिथे एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे कर्ज निघते, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे. आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. सावकाराचा माणूस दारात बसणे आणि रोजची मैत्रीण बसणे यांत फार अंतर आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार अशा कर्जात कुटुंबाच्या सर्व हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ देता येत नाही. कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही. धमकी, शिवीगाळ, अवेळी फोन यांना मनाई आहे. आणि फेब्रुवारी २०२५ च्या कर्नाटकाच्या वटहुकुमात, ज्याला पुढे कायद्याचे रूप आले, नोंदणीशिवाय कर्ज देणाऱ्यांना आणि बळजबरीच्या वसुलीला चाप लावून दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली आहे. याचा अर्थ रीतसर घेतलेले कर्ज फेडायचे नाही असा नव्हे, हेही बजावून सांगतो. तसे सांगत फिरणारे लोक कर्जदाराचे मित्र नसतात. दारात कोणी आरडाओरडा करू लागला तर पोलिसांत आणि जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणात तक्रार करता येते. प्राधिकरणाकडून महिलांना वकील विनामूल्य मिळतो. पण तक्रार करायची तर आधी 'मी कर्जदार आहे' हे मोठ्याने म्हणावे लागते. नाही तर पुन्हा कुलूप आहेच.

म्हणून संस्थेकडे माझी एक मागणी आहे. आमच्या वेळी शाळेत बचत करायची सोय होती. दहा-दहा पैसे जमा करायचो आणि पासबुकावर शिक्का पडला की आनंद व्हायचा. बचत शिकवलीत, आता कर्जही शिकवा. नववीच्या गणिताच्या तासाला एखादे खरे कर्जाचे कार्ड, नाव झाकून, फळ्यावर लिहा आणि मुलांना खरा दर काढू द्या. मराठीच्या तासाला कर्जाच्या अर्जावरचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचायला द्या. माझ्या व्याकरणापेक्षा तो कठीण आहे. जामीन, तारण, गहाण, हमी, मुदत, दंडव्याज, एवढे सहा शब्द जरी चोख कळले तरी पुष्कळ झाले.

पत्नीने १९८८ साली अंथरलेला तो कागद मी आज बरोबर आणला आहे. घड्यांवर तो फाटला आहे, मागून चिकटपट्टी लावली आहे. सातही नावांवर रेघा आहेत. सावकाराच्या नावावरची रेघ तिने इतक्या जोराने मारली की कागद टरकला आहे. तिला मी विचारले, शाळेत दाखवू का? ती म्हणाली, "माणसांची नावं झाका, आकडे दाखवा." त्याप्रमाणे नावांवर पट्ट्या लावल्या आहेत. कार्यक्रमानंतर तो या टेबलावर ठेवतो. ज्या मुलांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा, आणि उतरवून घ्यायचा असेल तर रकान्यांची मापे तीच ठेवावीत.